अंतकाळीचे स्मरण कोणाचे?

मागे ह्याच मासिकात वैकुंठगमनाच्या वार्तांमध्ये माझ्या आईविषयी चार ओळी छापून आल्या होत्या. २०२२ च्या फाल्गुनात, वयाच्या सुमारे ९२ व्या वर्षी, पहाटेच्या समयी ‘नामस्मरण करीत असता’ तिने देह ठेवला, असा त्यांचा आशय होता. त्या ओळी संपादकांनी आपल्या मनाने घातल्या नव्हत्या. मीच त्या पोस्टकार्डावर लिहून पाठवल्या होत्या. सज्जनहो, त्यांतील महिना खरा आहे, वय खरे आहे, पहाटही खरी आहे. नामस्मरणाची गोष्ट मात्र खरी नाही.

गळ्यात माळ असलेल्या माणसाने खोटे लिहावे, आणि तेही आईच्या मरणाविषयी, हे आजवर मनाला खात आले आहे. परंतु केवळ कबुली द्यावी एवढ्याचसाठी हा लेख लिहीत नाही. मी तसे का लिहिले, ह्याचा विचार करता करता एका मोठ्या प्रश्नाशी येऊन पोहोचलो, आणि तो प्रश्न माझ्या एकट्याच्या घरचा नाही.

आपल्यात कोणी गेले की भेटायला येणारा माणूस पहिल्यांदा काय विचारतो? “शेवटी नाम घेतलं का?” असे विचारतो. त्यात वाईट काहीच नाही, प्रेमानेच विचारतो. माझ्याकडेही दहा दिवस माणसे येत होती, आणि दहा दिवस हाच प्रश्न. पहिल्या दिवशी मी गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी मान हलवली. तिसऱ्या दिवशी “घेतलं की,” असे म्हणालो. एकदा जीभ वळली की वळतेच. पुढे पोस्टकार्डावर तेच उतरले. आईच्या नावाला उणेपणा येऊ नये, ३४ वाऱ्या केलेल्या बाईविषयी लोकांनी ‘शेवट साधला नाही’ असे म्हणू नये, हा त्यातला हेतू. म्हणजे आईची लाज राखायला गेलो. पण तिच्यात लाज वाटण्यासारखे काय होते, हे त्या वेळी मी स्वतःला विचारलेच नाही.

ती कोण होती हे थोडे सांगतो. लोणंदाहून दोन कोसांवर आमचे गाव. कोरडवाहू जमीन, विहिरीला उन्हाळ्यात तळ दिसायचा. आईला आपली जन्मतारीख ठाऊक नव्हती. “पत्रीसरकारच्या धामधुमीत माझं लगीन झालं, तवा मी तेरा-चवदा वर्सांची आसंन,” एवढाच हिशेब. त्यावरून १९३० चा सुमार धरायचा. कोयनेचा भूकंप १९६७ च्या डिसेंबरात झाला, त्याच्या आदल्या वर्षी वडील गेले. पाच लेकरे, त्यांत मी तिसरा. चार एकर खडकाळ रान आणि एक म्हैस, एवढा संसार तिच्या पदरात पडला.

त्या म्हशीविषयी मला अंमळ सविस्तर लिहावे लागेल. वाचकांनी कंटाळू नये. तिच्या दुधावर मी शिकलो. पहाटे चारला आई उठायची, जात्यावर बसायची, ओव्या चालू असतानाच उजाडायचे, मग धार काढून लोणंदच्या हॉटेलात दूध घालून ती आठ वाजता शेतात हजर. १९७२ च्या दुष्काळात वैरण संपली. गावातली निम्मी जनावरे बाजार दाखवून आली. आई दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची. तिथे मिळालेली सुकडी पदराला बांधून आणायची, ती आम्हा भावंडांना. घरात मिलो ज्वारीची लाल भाकरी. आणि तिन्हीसांजेला, हाताला फोड आलेले असताना, दीड मैलावरच्या झऱ्यावरून दोन घागरी पाणी आणून ती आधी म्हशीपुढे ठेवायची. म्हशीने तोंड वर केल्याशिवाय स्वतः पाण्याचा घोट घेत नसे. आजी रागवायची, “आगं, आधी तू तरी पी.” त्यावर तिचे उत्तर ठरलेले: “मला मागता येतंय. तिला येतं का?”

पुढल्या वर्षी, म्हणजे १९७३ च्या आषाढात, ती पहिल्यांदा वारीला गेली. तेव्हापासून २००८ पर्यंत, मधली दोन वर्षे सोडली तर, एकही चुकली नाही. लिहिता-वाचता येत नव्हते, पण ज्ञानदेवांचा हरिपाठ कानाने ऐकून पाठ केलेला. कांदेनवमीनंतर आमच्या घरात कांदा शिरत नसे. लोणंदच्या कांद्याच्या बाजाराजवळ राहून चार महिने कांद्याचा वासही न घेणे ही काय साधना आहे, हे त्या भागातल्या माणसालाच कळेल! असो. पण वारीत तिचे लक्ष सगळे पांडुरंगाकडे असे म्हणाल, तर तसेही नव्हते. दिंडीतल्या बायका अजून सांगतात: वाखरीला मोठे रिंगण चालले आहे, अश्व धावताहेत, लाखभर माणूस टाळ वाजवीत आहे, आणि ही मध्येच शेजारणीच्या कानाला लागून म्हणायची, “सांज झाली. जाऊबाईनं म्हसरांस्नी पाणी दावलं असंल का गं?” बायका हसायच्या. तीही हसायची आणि पुन्हा टाळ धरायची.

गुडघे गेले तशी वारी थांबली. २०११ मध्ये म्हैसही विकली. त्यानंतर चार-पाच वर्षांनी विसर सुरू झाला. आधी जेवल्याचे विसरू लागली. मग नावे जाऊ लागली, नातवंडांची, सुनांची, लेकींची. एके दिवशी मी तिला चहा नेऊन दिला, तेव्हा पदर सारखा करून तिने मला विचारले, “मास्तर, तुमी कुणाचं म्हणायचं?” पोटच्या पोराला ‘तुमी’! मी हसून वेळ नेली आणि गोठ्यात जाऊन रडलो.

डॉक्टरांनी सांगितले की हा मेंदूचा विकार आहे, त्यावर परतीचे औषध नाही. जवळच्या गोष्टी आधी जातात, लहानपणच्या मागाहून. हरिपाठ राहील, अशी माझी खात्री होती. बरेच दिवस तो राहिलाही. मग अभंग अर्ध्यावर तुटू लागले, एकाचे चरण दुसऱ्यात जाऊ लागले. मग शब्द गेले, नुसती टाळी राहिली. मग टाळीही राहिली नाही. शेवटच्या वर्षात तिच्याजवळ एकच वाक्य उरले होते. तिन्हीसांज झाली की ती अस्वस्थ व्हायची, खाटेवरून पाय खाली टाकायची आणि विचारायची, “म्हसरांस्नी पाणी दावलं का?”

गोठा रिकामा होऊन दहा वर्षे झाली होती.

मी खरे सांगत असे. “आये, म्हैस विकली. कवाच विकली.” ती ऐकायची आणि जणू आत्ताच विकली अशी डोळ्यांना पदर लावायची. दुसऱ्या सांजेला पुन्हा तेच. आमची सौ. मात्र स्वयंपाकघरातूनच ओरडून सांगायची, “व्हय आत्याबाई, दावलं. दोन बादल्या प्याली.” की आई शांत. ह्यावरून मी सौ.ला बोलत असे, रोज सांजेला देवापुढे दिवा लावून लगेच खोटे कशाला बोलतेस म्हणून. ती म्हणायची, “तुमचं खरं त्यांना रडवतंय. कुणाला पायजे ते खरं?” मी शाळेत छत्तीस वर्षे मुलांना ‘खरे बोलावे’ शिकवलेला माणूस. मला हे पटत नसे.

आणि आता जे सांगतो ते सांगायला कठीण आहे. २०२१ च्या कार्तिकीची गोष्ट. एकादशीचा उपास, दिवसभर रेडिओवर अभंग चाललेले, आणि मी आईपुढे बसून म्हणत होतो, “म्हण आये, राम कृष्ण हरी.” ती माझ्याकडे पाहत होती. मी पुन्हा म्हटले. पुन्हा. मनात एकच भय, की ही अशीच गेली तर? एवढ्या वाऱ्या, एवढे उपास, सगळे पाण्यात? माझा आवाज चढला. मी तिचे दोन्ही खांदे धरले आणि हलवले. तिने दोन्ही हात तोंडापुढे धरले आणि म्हणाली, “म्हनते, म्हनते. मारू नगा.”

सज्जनहो, आयुष्यात आईवर मी हात उगारला नव्हता. त्या दिवशी मी नाम तिच्यावर उगारले.

‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द डॉक्टरही वापरतात. तो भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही आहे. पण तिथे तो कुठल्या पायरीवर येतो ते पाहावे. विषयांचे चिंतन, त्यातून आसक्ती, तिच्यातून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, आणि मग स्मृतीचा भ्रंश, ज्यातून बुद्धीचा नाश होतो. हा मेंदूच्या झिजेचा आजार नव्हे. क्रोधाने माणसाला आपण कोण व समोरचा कोण ह्याचे भान सुटते, त्याचे हे नाव आहे. गावात पुष्कळदा ह्या दोहोंची गल्लत होते. म्हातारे माणूस विसरू लागले की ‘काहीतरी पाप नडलं’ अशी कुजबुज चालते. आईचा विसर हा गुडघ्यासारखाच देहाचा धर्म होता. गीतेतला तो भ्रंश त्या घरात कोणाला झाला असेल, तर कार्तिकीच्या त्या सांजेला मला झाला. समोर बसलेली बाई कोण आहे, तिने काय काय केले आहे, हे त्या घटकेला मीच विसरलो होतो.

फाल्गुनातल्या त्या रात्री तिचा श्वास जड झाला होता. तुळशीपत्र आणि गंगेची कुपी उशाशी काढून ठेवली होती. नऊच्या सुमारास तिने डोळे उघडले. ओठ हलले. मी कान नेला. मनात म्हटले, आता येईल. आले ते असे: “पाणी दावलं का?”

मी थोडा वेळ काही बोललो नाही. मग म्हणालो, “व्हय आये. दावलं. पोटभर प्याली.” तिने डोळे मिटले. नाम मीही तिच्या कानात सांगितले नाही. त्या वेळी सुचलेच नाही. तिचा हात हातात धरून बसलो, आणि बसल्या बसल्या मला झोप लागली. पहाटे चारला, तिच्या जात्याच्या वेळेला, जाग आली तेव्हा हात गार होता.

एवढीच हकिकत. तिचे ते शेवटचे शब्द, आणि माझे तिला शेवटचे बोलणे हे एक खोटे.

आता प्रश्न. अंती जे स्मरावे त्या भावाला जीव जातो, असे गीतेचा आठवा अध्याय सांगतो. हे आपण कीर्तनात शेकडो वेळा ऐकले आहे. भागवताच्या पाचव्या स्कंधातला भरतराजा हरणाच्या पाडसात जीव गुंतून मेला आणि हरिण झाला. मग म्हशीचे स्मरण करीत मेलेल्या माझ्या आईचे काय? चौदाव्याच्या कीर्तनात बुवांनी नेमके हेच आख्यान लावले. त्यांना काही माहीत नव्हते, मीच ‘नाम घेत गेली’ असे सांगून ठेवलेले. त्यांनी आईची स्तुती करण्यासाठी भरताची उलटी बाजू मांडली. मी पहिल्या ओळीत मान खाली घालून बसलो होतो.

त्यानंतर वर्षभर मी ही प्रकरणे पुन्हा पुन्हा वाचली. मी शास्त्री नाही. प्राथमिक शाळेतला मास्तर आहे, आणि मास्तराला पुढचा-मागचा संदर्भ पाहण्याची खोड असते. आठव्या अध्यायात अंतकाळाचा विषय निघाल्यावर लगेच पुढे भगवान अर्जुनाला सांगतात की म्हणून सर्व काळी माझे स्मरण ठेव आणि युद्ध कर. म्हणजे हे सांगणे हातपाय धड असलेल्या माणसाला आहे, रणात उभ्या असलेल्याला आहे. खाटेवर पडलेल्याच्या मापाला लावायची ती काठी नव्हे. भरताची कथाही आपण हरणाशी थांबवतो. भागवत थांबत नाही. हरणाच्या जन्मातही त्याला मागचे स्मरण होते, पूर्वीची आराधना वाया गेली नव्हती, आणि पुढल्या जन्मी तो जडभरत झाला, ज्याला लोक मंद आणि वेडा समजत. रहूगण राजाने त्याला पालखीला जुंपले, चाल चुकते म्हणून दटावले, आणि मग त्याच पालखीवाल्यापाशी ज्ञान मागितले. बाहेरून जड दिसणाऱ्याच्या आत काय चालले आहे हे राजालाही कळले नाही, तर मास्तराला काय कळणार?

अजामिळाचेही तसेच. मुलाला हाक मारताना ‘नारायण’ शब्द तोंडून गेला आणि तो तरला, एवढे आपण सांगतो. सहाव्या स्कंधात पुढे असे आहे की तो त्या वेळी मेलाच नाही. दूत गेल्यावर त्याला पश्चात्ताप झाला, घरदार सोडून तो गंगाद्वाराला गेला आणि तिथे साधना करून मग त्याने देह ठेवला. एका शब्दाचे माहात्म्य आहेच, ते मी कमी करू इच्छीत नाही. पण एका क्षणाची सोडत असावी आणि तिच्यावर ९० वर्षांचा निकाल लागावा, असा देव भागवतात मला तरी आढळला नाही.

ज्या वचनाने मला खरा धीर दिला ते मात्र आपल्या पाठातले नव्हे. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत ‘वराह चरमश्लोक’ म्हणून एक वचन फार मानतात. वराहरूपी भगवान भूदेवीला सांगतात, त्याचा भाव असा: देह धड आणि मन ठिकाणावर असताना ज्याने माझे चिंतन केले, तो पुढे मरतेसमयी लाकूड-दगडासारखा पडला, तर त्या माझ्या भक्ताचे स्मरण मी करतो आणि त्याला मी नेतो. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ओट्यावर जाऊन बसलो. अंतकाळी स्मरण हवे हे खरेच. पण ते कोणाचे कोणी करायचे? आपण देवाला ‘माउली’ म्हणतो. घागर डोक्यावर घेऊन, लेकरू काखेत घेऊन आई चालत असते. लेकरू झोपले की त्याची मिठी सुटते. आईची सुटते का?

२०२० सालचे पाहा. महामारीमुळे त्या वर्षी पायी वारी झाली नाही. दशमीला, ३० जूनला, पादुका एस.टी.ने पंढरपुरास गेल्या. आमच्या लोणंदला तळ पडला नाही, वाट मोकळी राहिली. पिढ्यान्‌पिढ्यांची वारी असणारी माणसे दारात उभी राहून डोळे पुसत होती. त्यांची त्या वर्षीची वारी चुकली असे आपण म्हणतो का? पाय अडले, ते अडवणारे कारण त्यांच्या हातचे नव्हते. आईचे मन अडले तेही तिच्या हातचे नव्हते. पायाला जो न्याय, तो मनाला का नको?

एवढे झाले तरी एक शंका राहतेच, ती लपवत नाही. कोणी म्हणेल, मास्तर, हे सगळे आईवरच्या मायेपोटी जुळवलेत. म्हशीचा मोह तो मोहच. असेल. पण मोह म्हणजे ‘माझे मला राहू दे’ असे धरून बसणे. तिने त्या वर्षभरात एकदाही ‘माझी म्हैस’ म्हटले नाही. स्वतःला तहान लागल्याचेही ती सांगू शकत नव्हती, सौ. वेळेवर चमच्याने पाणी पाजी. जिला स्वतःची तहान आठवत नव्हती, तिला मुक्या जनावराची आठवत होती. पुंडलिकाच्या दारी देव आला तेव्हा पुंडलिक नाम घेत नव्हता, आईबापांचे पाय चेपीत होता; त्याने वीट टाकली आणि देव थांबला. सावतोबा अरणच्या मळ्यातून हलले नाहीत. जनाबाईच्या जात्याला देवाने हात लावला अशी आपली कथा आहे. कामात असलेल्या माणसाकडे यायचे ठिकाण देवाला माहीत आहे. तिन्हीसांजेला आमच्या रिकाम्या गोठ्यापाशी तो आला नसेल असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

सौ.ला मी अजून एक गोष्ट बोललो नव्हतो, ती हा मजकूर वाचून दाखवताना बोललो. त्या शेवटच्या रात्री मीही तेच खोटे बोललो, म्हणून सांगितले. तिने हातातली भाजी निवडणे थांबवले नाही. म्हणाली, “मला ठावं हाय. मी दाराशीच हुते.” आणि थोड्या वेळाने, “दोन बादल्या म्हणायचं हुतं.”

लोकांना दिलेले खोटे आणि आईला दिलेले खोटे एकच की दोन, ह्याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही. पण पहिले तरी मला परत घेता येते. संपादक महाशयांना विनंती की मागील वार्तेतील ‘नामस्मरण करीत असता’ हे शब्द गाळून, जागा असल्यास, पुढील दुरुस्ती छापावी: “रात्री नऊच्या सुमारास त्यांनी म्हसरांस्नी पाणी दावलं का असे विचारले. दावलं असे मुलाने सांगितल्यावर त्या झोपल्या व पहाटे चारच्या आत केव्हातरी गेल्या.”